दानाच्या गाडीची नवी चाकं

गंगाखेडच्या घाटावर मी दहाव्याचे विधी करतो. माझे वडील ताडकळसला हेच करायचे, मी गोदावरीच्या काठाला आलो एवढाच फरक. लग्नामुंजीला मला कोणी बोलावत नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. लग्नं मोडतात, पुढं ढकलली जातात, कार्यालय मिळालं नाही म्हणून अडतात. माझ्याकडं येणारी माणसं तारखेवरून हुज्जत घालत नाहीत.

असा हा दहाव्याचा भटजी जुन्या विलायती स्पोर्ट्स कारमधून घाटावर येतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी थापा मारतोय असं वाटतं. गाडी दोन माणसांची, गडद हिरवी, कापडी टपाची, बसकी. तिच्यात बसलं की शेजारून जाणाऱ्या बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर येतो. मी ती विकत घेतलेली नाही. ती मला बाराव्याला दान मिळाली.

आमच्याकडं बाराव्या-तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू दान देतात. छत्री, चपला, काठी, गादी, पाण्याचं भांडं. इकडं ब्राह्मणाला दिलं की तिकडं त्याला पोचतं, असा त्यामागचा भाव. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत लोक शहाणे असतात. गाय द्यायची म्हटली की हातावर रुपया ठेवतात, घर द्यायचं म्हटलं की चार विटा. गावातले एक जुने वकील वारले, तेव्हा त्यांचा पुण्याचा पुतण्या विधीला बसला होता. काकांची आवडती गाडी म्हणून त्यानं पाटावर खेळण्यातली एक मोटार आणून ठेवली होती, किल्ली फिरवली की पळणारी. मी मंत्र सुरू करणार एवढ्यात आतल्या दारात उभ्या असलेल्या वकीलीणबाई पुढं आल्या. गावात त्यांना सगळे वकीलीणबाईच म्हणतात. त्यांनी ते खेळणं उचललं आणि म्हणाल्या, "ह्ये काय पोचणार हाय त्यांना? खरी द्या."

पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण बाईंना मूलबाळ नाही, घर त्यांचं, शब्द त्यांचा. त्यांनी पुतण्याच्या हाताला हात लावून माझ्या हातावर पाणी सोडलं. मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं, की एकदा पाणी सोडलं की ती वस्तू आपली नाही. पुन्हा तिला हात लावायचा नाही, तिचा उपभोग घ्यायचा नाही, नाहीतर दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. हे मी जरा ठसक्यात सांगतो. लोकांना मग माझ्यावर विश्वास बसतो.

गाडी घरी आली. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती पहिल्याच दिवशी टप काढून गाडीत बसली आणि म्हणाली की आता निदान आपण कुठं जातोय हे लोकांना नीट दिसेल. शेजारपाजारचे मात्र बसायला कचरायचे. मेलेल्याच्या नावानं मिळालेली गाडी, तिच्यात कशाला बसा. मला ते सोयीचंच होतं. फुकट लिफ्ट मागणारे आपोआप कमी झाले.

गाडीत दोष असा एकच, तिची चाकं. ती तारांची होती. सायकलीला असतात तशा, पण जाड आणि आडव्यातिडव्या विणलेल्या. उन्हात फिरताना फार देखणी दिसत. पण आमचे रस्ते त्या चाकांसाठी केलेले नाहीत. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी डांबराला चाकोऱ्या पाडलेल्या, त्यात चाक उतरलं की टण्णकन एक तार जायची. एकदा तुटलेल्या तारेचं टोक ट्यूबमध्ये घुसलं आणि मी पोखर्णीच्या अलीकडं, डोक्यावर ऊन घेऊन, ओल्या धोतरानिशी उभा राहिलो. हैदराबादला एक कारागीर स्वतःच चाकं काढून तारा ओढून द्यायचा, त्यानंही वयामुळं काम बंद केलं. तेव्हा मी ठरवलं की तारा पुरे, आता अलॉयची ओतीव चाकं बसवायची.

जुनी गाडी आहे, मूळचं तसंच ठेवावं, असं सांगणारे बरेच भेटले. त्यांच्यापैकी कोणालाच त्या चाकांवर दहाव्याला वेळेवर पोचायचं नव्हतं. मी माझ्या मतावर ठाम होतो आणि आजही आहे. या गाडीसाठी म्हणून बाहेरच्या कारखान्यांनी केलेली अलॉय चाकं मिळतात. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं ती मागवून दिली. चाक ज्यावर बसतं त्या हबवर दाते असतात, त्याच दात्यांवर ती सरकवून बसवायची आणि जुन्या चाकांसारखीच मधोमध एका मोठ्या नटानं आवळायची. त्या नटाला दोन पाती असतात. पान्यानं नाही, पातीवर हातोडीनं ठोकून तो सोडायचा आणि ठोकूनच आवळायचा.

चाकं परभणीच्या एका टायरच्या दुकानात उतरवली. दुकानाचा मालक माझ्याच वयाचा, बडबड्या माणूस. त्यानं आयुष्यात ट्रकपासून कापणीच्या कम्बाइनपर्यंत सगळ्यांची चाकं काढली होती, पण मध्ये एकच नट असलेलं चाक तो पहिल्यांदाच पाहत होता. तरी डाव्या बाजूची दोन्ही चाकं त्यानं बघता बघता काढली. पातीवर हातोडा घातला, नट फिरला, चाक हातात. मला म्हणाला, गुरुजी, तुमी चहा पिईपर्यंत मोकळे.

चहा झाला, दुसरा झाला. उजव्या बाजूचं चाक हलेना. त्यानं डिझेल ओतलं, जरा सबर करा म्हणाला, पुन्हा ठोकलं. पाइप लावला. दुकानातली दोन माणसं पाइपाला लटकली. जितका जोर लावावा तितका नट आणखी गच्च होत होता, आणि पातीवर हातोड्याच्या खुणा उठायला लागल्या. मला संताप यायला लागला. मी त्याला थांबवलं. तो म्हणाला की नट गंजून बसलाय, कापावा लागेल. या गाडीचा नट कापायचा म्हणजे मला माझा कान कापल्यासारखं झालं असतं. वकीलसाहेब गाडीला फार जपायचे असं ऐकून होतो. त्यांनी यावर काही लिहून ठेवलंय का, निदान कोणाकडून काम करून घेत ते तरी कळावं, म्हणून मी वकीलीणबाईंना फोन लावला.

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "उजव्या बाजूचं चाक हाय का?"

मी हो म्हणालो.

"मंग उलटं ठोकायलाव तुमी. गाडी पुढं जाताना चाक जिकडं फिरतंय, तिकडंच नट फिरवायचा. दोनी बाजूंनी तसंच. आन् कशानं ठोकायलाव, लोखंडाच्या हातोड्यानं? बंद करा ते. तांब्याची हातोडी माझ्याकडं हाय, ती घेऊन जा."

फोन ठेवल्यावर मी उजव्या चाकाकडं पाहत उभा राहिलो आणि मग मला हसू आलं. डावीकडं नट डावीकडून सुटतो आणि उजवीकडं उजवीकडून, म्हणजे या गाडीला सव्य आणि अपसव्य आहे. जानवं डाव्या खांद्यावर असलं की सव्य, ते देवाच्या कामाला. उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य, ते पितरांच्या. माझा निम्मा दिवस जानवं इकडचं तिकडं करण्यात जातो आणि चुकलं तर मी यजमानावर डोळे वटारतो. त्याच मी, नट सगळीकडं एकाच बाजूनं फिरतो असं धरून तासभर दोन माणसांना पाइपाला लटकवून ठेवलं होतं. टायरवाल्याला सांगितलं तेव्हा त्याला पटेना. पण मला शंका उरली नव्हती.

संध्याकाळच्या एसटीनं मी गंगाखेडला आलो आणि तसाच बाईंकडं गेलो. त्यांनी हातोडी काढून ठेवली होती. तांब्याचं डोकं दोन्ही बाजूंनी चेपलेलं, दांडा हातानं गुळगुळीत झालेला. वाती करायच्या कापसाच्या डब्याशेजारी ती इतकी वर्षं पडून होती. मी म्हणालो की वकीलसाहेबांनी हिला खूप वापरलेली दिसते.

बाई म्हणाल्या, "त्यांनी? त्यांना कुठं येत होती गाडी चालवायला."

मी खाली बसलो. मग हळूहळू सगळं कळलं. गाडी बाईंच्या वडिलांनी हैदराबादला कोणाकडून तरी घेतली होती. बाई तिच्यावरच शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा गाडी चालवत आल्या, शेजारी नवरा. वकीलसाहेबांना चालवायची भीती वाटायची, त्यांनी कधी शिकायचं मनावरही घेतलं नाही. बाई डोक्यावर पदर घेऊन गाडी काढायच्या, त्यांना परभणीच्या कोर्टात सोडायच्या, आणि संध्याकाळी परत आणायच्या. चाक पंक्चर झालं की वकीलसाहेब फायली सांभाळत झाडाखाली उभे राहायचे आणि बाई नट ठोकायच्या. पुढं सासऱ्यांना ते रुचेना, गाडी शेडमध्ये गेली आणि तिथंच राहिली. बाई तिला दर रविवारी आवारातल्या आवारात सुरू करायच्या. कागद नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याचं, म्हणून नंतरच्या सगळ्यांसाठी ती वकीलसाहेबांची गाडी झाली. ज्यांना माहीत होतं ते बहुतेक माझ्याच घाटावरून गेले होते.

म्हणजे त्या दिवशी नवऱ्याची आवडती वस्तू म्हणून बाईंनी स्वतःची गाडी देऊन टाकली होती. पुतण्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात. त्या म्हणाल्या, त्यांना काय आवडायचं ते मला ठाव होतं. गाडी न्हाई, गाडीत बसणं.

निघताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की संक्रांत झाली की पुतण्या न्यायला येणार आहे. आता एकटीला इथं जमत नाही, गुडघे बोलतात, पुण्यालाच राहायचं. घर बंद करायचं. गाडी दिसती कधीमधी रस्त्यानं जाताना, तेवढंच आता जाईल, असं म्हणाल्या आणि आत वळल्या. तेव्हा मला आठवलं की मी त्यांच्या घरावरून जातो तेव्हा त्या हमखास ओट्यावर असतात. मला वाटायचं, म्हातारं माणूस, बसतं उन्हाला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जिची गाडी तिला ती पुन्हा चालवता येणार नव्हती, आणि ती बंदी मीच, ठसक्यात, घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी परभणीला तांब्याच्या हातोडीच्या तीन घावांत उजवा नट सुटला. टायरवाल्यानं हातोडी कपाळाला लावली. हबचे दाते आम्ही रॉकेलनं धुतले, फडक्यानं कोरडे केले, त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला. नवं चाक सरकवलं की ते दात्यांत असं बसलं की जराही खडखडलं नाही. चारही बसवून झाल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवून पाहिलं, तर पुढचा टायर आत घासत होता. टायरवाल्याला वाटत होतं की रुंद टायरनं गाडी भारदस्त दिसते. मी त्याला सांगितलं की भारदस्त दिसायला मी आहे, तू अरुंद टायर घाल. त्यानं घातले, घासणं थांबलं. मग त्यानं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मला म्हणाला, गुरुजी, मंत्र म्हणा. शुभकार्याचे मंत्र मी फार दिवसांनी म्हटले. एकही विसरलो नव्हतो.

येताना गाडी वेगळीच चालत होती. तारांची कुरकुर नाही, खड्ड्यात काळजाचा ठोका चुकणं नाही. मी सरळ बाईंच्या ओट्यासमोर थांबवली. त्यांनी ओट्यावरूनच चाकं पाहिली आणि म्हणाल्या की एवढी छान चाकं काढून ह्या पराती कुठून आणल्या. मी हातोडी परत दिली. मग म्हणालो, काकू, चला, एक चक्कर मारू, तुम्ही चालवा.

त्यांनी मान हलवली. दिलेल्या वस्तूला हात लावायचा न्हाई, तुमीच म्हणला व्हता, असं माझंच वाक्य त्यांनी माझ्या पदरात घातलं.

मी तयारीनं आलो होतो. मी म्हणालो, दिली ती तारांच्या चाकांची गाडी. ही चाकं माझ्या कमाईची, त्यांना तुमचं पाणी लागलेलं नाही. आणि गाडी चालते चाकांवर. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग मला चाकावर बसवून नेणार का गुरुजी, असं त्यांनी विचारलं, आणि माझं शास्त्र तिथंच आडवं झालं.

पण मी इतक्यात हरणारा नाही. माझ्याकडं दुसरा मुद्दा होता आणि तो पक्का होता. मी सांगितलं की संकल्पात पुतण्यानं म्हटलं होतं, काकांची वस्तू. ती काकांची नव्हतीच. ज्याचं नाही त्याच्या नावानं दिलेलं दान होत नाही. म्हणजे ते पाणी वाया गेलं, दान झालंच नाही, मी उगीचच तुमची गाडी घेऊन फिरतोय. किल्ली घ्या आणि विषय संपवा. बोलता बोलता मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "मंग त्यांना काय पोचलं?"

पुढं केलेली किल्ली माझ्या हातातच राहिली.

"गाडी पोचली न्हाई म्हणायलाव का तुमी? छत्री पोचली, चपला पोचल्या, आन् गाडी न्हाई?"

त्यांचे डोळे भरले होते. मला इतकी लाज वाटली की मी किल्ली खिशात घातली आणि निघालो. त्या बाईंनी आपल्याजवळची सगळ्यात जिवाची वस्तू नवऱ्याला पोचवली होती, आणि मी त्यांना ती परत देण्याच्या उत्साहात वकीलसाहेबांच्या हातून काढून घेत होतो. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा युक्तिवाद न करता घरी परतलात, त्याअर्थी खरंच काहीतरी चुकलंय.

सकाळी घाटावर एक दहावं होतं. यजमान तरुण, वडील गेलेले. पिंडाला कावळा शिवला, मंडळी उठायला लागली, आणि त्यानं मला विचारलं की आता तुम्हाला जेवू घातलं म्हणजे वडील जेवले असंच ना. हा प्रश्न मला नवा नाही. मी नेहमीसारखंच उत्तर दिलं, की ब्राह्मण त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी बसलेला असतो, मी जेवलो की ते जेवले. वाक्य तोंडातून गेलं आणि मी तिथंच थांबलो. पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं, नीट आवरलंही नाही, आणि गाडी काढली.

बाई ओट्यावर होत्या. मी गाडीतून उतरलो, पलीकडून वळसा घातला, आणि डाव्या बाजूचं दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. उजवीकडची सीट रिकामी. बाई पाहत राहिल्या.

मी म्हणालो, "काकू, काल मी चुकीचं बोललो. गाडी पोचली. दान मी घेतलं ते त्यांच्या जागी बसून घेतलं. मी बसलो म्हणजे ते बसले. आता ते बसलेत, आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांना तसंच बसवून ठेवायचं का, ते तुम्ही सांगा."

बाई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या. वकील व्हायला पायजे व्हतं तुमी, असं म्हणून आत गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. पण त्या चपला बदलून, पदर खोचून, तांब्याची हातोडी हातात घेऊन बाहेर आल्या. मी कशाला विचारलं, तर म्हणाल्या, नवी चाकं बसवली की थोडं चालवून पुन्हा आवळायची असतात, टायरवाल्यानं सांगितलं न्हाई का. त्यानं सांगितलं नव्हतं.

गुडघे बोलत होते, बसायला वेळ लागला. पण एकदा बसल्यावर त्यांचा हात गिअरवर गेला तो न पाहता गेला. गल्लीतून गाडी काढताना त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि गल्लीतली माणसं आपणहून बाजूला झाली. परळी नाक्यावरून नदीच्या रस्त्याला लागलो. साखर कारखाना सुरू होता, मळीचा वास रस्ताभर. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला, बाईंनी समोरचा रस्ता पाहिला, गिअर एकनं खाली घेतला आणि त्याला मागं टाकलं. मी पाय दाबून धरले होते. त्या बाजूला ब्रेक न्हाई, असं त्यांनी मला रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं.

जरा पुढं जाऊन त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली. स्वतः उतरल्या, चारही नटांवर हातोडीचे दोन दोन घाव घातले, डावीकडं एका दिशेनं, उजवीकडं उलट्या दिशेनं. मी मदतीला पुढं झालो तर मला झाडाखाली उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. पुन्हा बसताना त्या म्हणाल्या की पराती वाईट न्हाईत, स्टेअरिंग हलकं झालंय. माझ्या चाकांची ही सगळ्यात मोठी तारीफ आहे, आणि मी ती सगळ्यांना सांगतो.

परतताना पुलावर आलो तेव्हा खाली माझा घाट दिसत होता. कोणाचं तरी मुंडण चाललं होतं. वर पाहणाऱ्यांना दिसलं असेल की घाटावरचे गुरुजी डावीकडं बसलेत आणि वकीलीणबाई गाडी चालवतात. मला त्याची पर्वा नव्हती. वारा छान होता, मी दारावर कोपर टाकून हात बाहेर सोडला होता. समोरून एक एसटी येत होती.

"अहो," बाई म्हणाल्या, "हात आत घ्या."

मला त्या आजवर गुरुजीच म्हणत आल्या होत्या, एकदाही दुसरं काही नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती, चेहरा शांत होता, आणि आपण काही वेगळं बोललो असं त्यांना वाटलेलं दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना पोचतं, पोचतं म्हणून सांगत आलो, पण ते पोचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी हात आत घेतला.